निरगाठ

“आधी पंचा पसर. पंच्याच्या पोटात शर्ट, शर्टाच्या पोटात पँट. आता गुंडाळ. हवा काढ, अंत्या, हवा! फुगा घेऊन जायचंय काय जत्रेत?”

जयराम खेडेकर माझ्या ओटीवर उकिडवा बसून मला गाठोडं बांधायला शिकवत होता. बाहेर पागोळ्या एकसारख्या लागल्या होत्या. आमच्या कंपनीत पावडर भरायच्या गोण्यांना आतून जाड प्लॅस्टिकची पिशवी असायची, तिला लायनर म्हणत. फाटका लायनर घरी नेला तर फाटकावर कुणी हटकत नसे. जयरामने दोन आणले होते, चांगलेसे बघून. एक त्याला, एक मला. एकाच गठ्ठ्यातले, एकाच मापाचे.

“रेनकोट आहे की माझ्याकडे,” मी म्हणालो.

“रेनकोटाचं पाणी गळ्यातून आत आणि मांडीवरून खाली. महाडच्या पावसात माणूस कोरडा राहात नसतो. देव राहात नाही, तू कोण? कपडे कोरडे राहतात. अंगावर हाफपँट आणि बनियन. भिजू दे अंग. सीटला पिशवी, चाकामागे ट्यूबचा तुकडा, म्हणजे चिखल पाठीवर येत नाही. फाटकासमोर अनसाबायच्या टपरीत पुसायचं, चढवायचं, आत.”

ही विद्या त्याला पखवाजाने शिकवली होती. पावसात पखवाजाची कातडी पुडी उतरते, आवाज मातीत जातो. म्हणून आमच्या आळीच्या देवळात कीर्तन असलं की जयराम पखवाज असा बांधून आणायचा की घरातलं बाळसुद्धा कुणी इतक्या जपून बाहेर काढत नसेल. तो पखवाजाला, मी मागे टाळाला. लहानपणापासून कीर्तन म्हटलं की आम्हाला तहानभूक राहात नसे.

मी सुतळी गुंडाळून गाठ मारली. ती बघून त्याने कपाळाला हात लावला.

“ही गाठ की जन्मठेप? निरगाठ मारलीस. भिजली की आवळणार. सोडणार कशी?”

“दातांनी.”

“दात पडल्यावर?”

“तोवर कायम झालेलो असेन.”

तो खो खो हसला. मग त्याने स्वतःचं गाठोडं पुढ्यात ओढलं आणि पखवाजाच्या खोळीला मारायचा तशी सुरगाठ मारली. एक टोक बाहेर ठेवलेलं. ते ओढलं की सुतळी आपोआप गळून पडे.

“सूर आहे म्हणून सुरगाठ,” तो म्हणाला. “शीक.”

मी शिकलो नाही. माझा हात निरगाठीलाच वळलेला.

“आणि एक. कॅरिअरच्या खटक्याखाली गोणपाटाचा तुकडा घाल. नाहीतर स्प्रिंग प्लॅस्टिकला दात मारते.”

“घालीन,” मी म्हणालो.

हे एवढं सगळं कशासाठी ते सांगतो. एमआयडीसीत आम्ही दोघं पावडर भरण्याच्या खात्यात बदली कामगार होतो. ती पावडर पाण्याची वैरीण. थेंब पडला की गोळा होई आणि अख्खा ड्रम वाया जाई. म्हणून नियम होता, ओला माणूस आत नाही. कायम कामगारांना कपडे बदलायची खोली होती, लॉकर होते. बदलीवाल्यांना नव्हते. त्यांनी कंपनीच्या पांढऱ्या कपड्यांत, कोरडं, फाटकाशी उभं राहायचं. घरून कसं आलात हे कंपनी विचारत नसे. सुर्वे सुपरवायझर रांगेतून फिरायचा आणि हात उलटा करून प्रत्येकाच्या पाठीवरून, केसांवरून फिरवायचा. जसा एखादा तापातल्या पोराला हात लावून बघतो तसा. फक्त ह्याच्या हाताला माया नव्हती.

त्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याऐंशी साली, युनियनचा करार झाला. एकतीस जुलैपर्यंत ज्यांचे दोनशे चाळीस दिवस भरतील त्यांना कायम करायचं. जयरामचे आणि माझे दिवस अगदी काठोकाठ भरत होते. जुलैतला एक दिवसही गमावून चालणार नव्हतं. मला बायको होती, दोन वर्षांची मुलगी होती. जयरामला नात्याची एक मुलगी सांगून आली होती, पसंतीही झाली होती. मुलीचे वडील एवढंच म्हणाले होते, कायमचं पत्र दाखवा आणि नारळ घेऊन या. तिचं नाव तो कधी घेत नसे. ‘पत्र’ म्हणायचा. “पत्र काल बाजारात दिसलं होतं रे, हिरवी साडी होती.”

शुक्रवारी, एकोणतीस तारखेला, दोन दिवस उरले होते. शुक्रवार आणि शनिवार. रविवारी सुट्टी, आणि रविवारीच आमच्या देवळातल्या सप्ताहाचं काल्याचं कीर्तन.

सकाळी सहाला निघालो. पाऊस कसला, आभाळच खाली बसलेलं. रस्ता आणि शेत ह्यांतला फरक फक्त झाडांच्या रांगेवरून कळत होता. ब्रेक लागत नव्हते, पाय घासत उतार उतरायचा. जयराम पुढे, मी मागे. त्याच्या कॅरिअरवर त्याचं गाठोडं, माझ्या कॅरिअरवर माझं. पावसातसुद्धा तो तोंडाने पखवाजाचे बोल म्हणत होता, धा धा करत पॅडल मारत होता.

सव्वासहाच्या सुमाराला माझी चेन पडली.

“थांब रे जयरामा!”

तो उलट फिरून आला. माझी चेन म्हणजे एक व्रत होतं. मागच्या चाकाचे नट सैल करायचे, चाक पुढे सारायचं, चेन बसवायची, पुन्हा ओढून आवळायचं. पाना त्याच्याकडे. चाक फिरवायला मी सायकल उचलून धरली, तशी ती घसरली आणि साचलेल्या पाण्यात आडवी झाली. कॅरिअरसकट. मी पटकन उभी केली.

“गोणपाट घातलंस ना खाली?” त्याने चेनकडेच बघत विचारलं.

“घातलंय.”

नव्हतं घातलं. सकाळी सापडलं नव्हतं.

पंचवीस मिनिटं गेली. निघालो तेव्हा त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे होते. अनसाबायच्या टपरीशी पोचलो तेव्हा सात वाजायला पंधरा मिनिटं होती. समोर कंपनीचं फाटक, पांढऱ्या कपड्यांची रांग लागायला सुरुवात झालेली.

“अनसाबाय, राख दे चुलीतली,” जयराम ओरडला. “हे हात घेऊन कपड्याला शिवलो तर सुर्वे माझीच पावडर करील.”

“घे की, मेल्या. आज येवढा उशीर?”

“ह्याच्या सायकलीचं बारसं होतं वाटेत.”

तो पन्हळीखाली हात चोळायला गेला. जाता जाता म्हणाला, “अंत्या, माझं गाठोडं घे रे आत. जागा धर.”

टपरीच्या मागच्या अंगाला गोणपाटाचा आडोसा होता, तिथे आम्ही कपडे बदलायचो. मी दोन्ही गाठोडी घेऊन आत गेलो. एक सोडलं. अंग पुसलं, केस खसाखसा पुसले, कपडे चढवले. पांढरा शर्ट, पांढरी पँट. दोघांचं मापही एकच.

जयराम आत आला, हात झटकत. उरलेलं गाठोडं त्याने उचललं. क्षणभर तसंच हातात धरून राहिला. मग खाली बसला आणि सोडू लागला. त्याला वेळ लागला. मी पाठ करून केस विंचरत होतो.

“अरे,” तो म्हणाला.

वळून बघितलं. पंचा, शर्ट, पँट, सगळं पिळून काढावं असं झालेलं. लायनरच्या एका बाजूला बोटभर लांबीचं भोक. त्याला दोन्हीकडे स्प्रिंगच्या वेटोळ्यांचे ठसे होते.

“अदलाबदल झाली वाटतं,” मी म्हणालो. “सारखीच दिसतात रे. काढू का?”

माझा हात वरच्या बटणावर होता. बटण मी काढलं नव्हतं.

त्याने माझ्याकडे बघितलं. माझ्या पायाशी सुतळी पडली होती, ती वाकून उचलली, बोटाभोवती गुंडाळली आणि आपल्या ओल्या हाफपँटच्या खिशात घातली.

“सात मिनिटं राहिली. दोघांनी बाहेर राहून काय करायचं?” तो म्हणाला. “तू जा.”

अनसाबायने त्याचा शर्ट चुलीवर धरला. कड काळी पडली, पण मधलं पाणी काही हटेना. त्याने तसेच कपडे चढवले आणि रांगेत माझ्या मागे येऊन उभा राहिला. कुणाची छत्री मागून घेतली होती, जणू छत्रीने काही झाकणार होतं.

सुर्वेने माझ्या पाठीवरून हात फिरवला. “जा.”

मग मागे. “खेडेकर, हे काय? निथळतोयस.”

“साहेब, वाटेत पिशवी फाटली. अर्धा तास द्या, वाळवून येतो. दिवस धरा फक्त.”

“पावडर काय तुझी मावशी आहे, सांभाळून घ्यायला? उद्या ये.”

“साहेब, दोनच दिवस राहिलेत माझे.”

“सगळ्यांचेच राहिलेत. हा कसा आला कोरडा?” सुर्वेने मला खांद्याला धरून मागे वळवलं. “काय रे मांडवकर, एकाच रस्त्यानं आलात ना?”

“हो साहेब.”

“मग तू कसा कोरडा?”

जयराम माझ्याकडे बघत होता. पापण्यांवरून पाणी गळत होतं, पुसत नव्हता.

“माझी गाठ घट्ट होती, साहेब,” मी म्हणालो.

“ऐकलंस?” सुर्वे त्याला म्हणाला. “शीक जरा मित्राकडून.”

भोंगा झाला. मी आत गेलो.

शनिवारी तो आला, कोरडा, वेळेवर. काम केलं. दोनशे एकोणचाळीस झाले. युनियनच्या माणसाला भेटला, तो म्हणाला बघू. बघू म्हणजे काय ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. परतताना माझ्याशी पावसापाण्याचं बोलला, चेनला तेल घाल म्हणाला. बाकी काही नाही. मला वाटलं, त्याला कळलेलं नाही. देवाची शपथ, त्या रात्री मी देवापुढे हात जोडून आभार मानले की त्याला कळलेलं नाही.

रविवारी सकाळी दहाला काल्याचं कीर्तन उभं राहिलं. देऊळ भरून ओटीवरही माणसं. ताम्हाणेकर बुवा म्हणजे गोड गळा आणि भारी हजरजबाबी. पुढे बुवा, मागे आम्ही टाळकरी, उजव्या हाताला जयराम पखवाज घेऊन. बाहेर धो धो पाऊस, पण त्याचा पखवाज खणखणीत. सप्ताहाचे सात दिवस पुडीला दमट वारा लागू दिला नव्हता त्याने.

काल्याच्या कीर्तनात सगळ्यांनी शिदोऱ्या एकत्र करून खाल्ल्या, ती कथा लावतात. बुवांनी लावलीही. पण पावसाचा आवाज इतका वाढला की बुवा थांबले, हसले आणि म्हणाले, “माउली, पाऊस काही आपलं ऐकत नाही. मग आपणच त्याचं ऐकू. दोन गुरुबंधूंचं आख्यान घेऊ.”

माणसं सरसावून बसली. आमच्याकडे पोराटोरांना पाठ असलेलं आख्यान ते. दोन गुरुबंधू रानात लाकडं आणायला जातात. गुरुपत्नी एकाच्या पदराला चणे बांधून देते, दोघं वाटून खा म्हणते. रानात वादळ होतं. दोघं झाडावर चढून बसतात. खालच्या फांदीवरचा काळोखात एकटाच दोघांचे चणे खाऊ लागतो. वरचा विचारतो, मित्रा, कट्कट् कसला रे आवाज?

आता ह्या ठिकाणी एक रीत आहे. बुवा वर बसल्यासारखा हात करतात, मागे वळतात आणि टाळकऱ्यांपैकी एकाला विचारतात. उत्तर त्याने द्यायचं. आमच्या देवळात ते उत्तर माझं होतं. नऊ-दहा वर्षं मीच देत आलो होतो. अंग आखडून, हनुवटी हलवत म्हणायचो, “थं-थं-थंडीनं दात वाजतायत, देवा!” आणि जयराम नखांनी पुडीवर दात वाजवायचा. हसून हसून बायका पदर तोंडाला लावायच्या.

बुवा वळले. “काय रे मित्रा, कसला आवाज?”

जयरामने नखं पुडीवर ठेवली. कट्कट्, कट्कट्.

मी हातातल्या टाळाकडे बघत राहिलो.

“अहो मित्र, वारा फार आहे, ऐकू आलं नाही वाटतं!” बुवांनी वेळ मारून नेली. लोक हसले. “कसला आवाज रे?”

कट्कट्. कट्कट्. त्याने एकदाही मान वर केली नाही. बोटं तेवढी चालत होती.

“आता मात्र फांदीवरून खाली येतो हं मी! सांगतोस का नाही, कसला आवाज?”

“थंडीनं,” मी म्हणालो. आवाज फाटला. “थंडीनं दात वाजतायत.”

मला नक्कल करताच आली नाही. खरंच माझे दात वाजत होते, डोळ्यांना पाणी लागलं होतं. आणि देऊळ हसलं. इतकं हसलं की इतक्या वर्षांत तेवढं कधी हसलं नव्हतं. बुवांनी आपल्या गळ्यातला हार काढून माझ्या गळ्यात घातला. “वा! ह्याला म्हणतात भाव! असं अंगात उतरलं पाहिजे!”

मग त्यांनी कथा पुढे नेली. त्या चणे खाणाऱ्याच्या वाट्याला पुढे काय आलं, घरात दाणा कसा राहिला नाही, अंगावर धड वस्त्र कसं राहिलं नाही. आणि तरी वरच्या फांदीवरचा त्याला कसा विसरला नाही, पुढे राजा झाल्यावर धावत येऊन कसा मिठीत घेतला. बायका डोळे पुसत होत्या. मीही दरवर्षी इथे रडायचो. त्या दिवशी नाही रडलो.

हंडी फुटली, काला वाटला. लाह्या, पोहे, दही, लोणच्याची फोड. आमच्याकडे काला आपला आपण खायचा नसतो, दुसऱ्याच्या तोंडात घालायचा असतो. लहानथोर, भांडलेले, न भांडलेले, सगळे एकमेकांना भरवत होते. मी मूठ भरून जयरामकडे गेलो. तो कोपऱ्यात पखवाज लायनरमध्ये गुंडाळत होता. खिशातून सुतळी काढली. तीच होती. पखवाजाला दोन वेढे दिले, गाठ मारली, टोक बाहेर ठेवलं.

“जयरामा,” मी म्हणालो, “चुकून झालं रे ते.”

त्याने गाठीचं टोक नीट करत विचारलं, “शुक्रवारी गाठ सोडताना तू दात लावलेस?”

मी मुठीतला काला पुढे केला.

“मला लावावे लागले,” तो म्हणाला.

त्याने माझ्या मुठीतला काला घेतला नाही. ताटातला उचलला आणि माझ्या तोंडासमोर धरला. बाजूने माणसं जात होती, हसत होती, एकमेकांच्या तोंडाला दही फासत होती. मी तोंड उघडलं. त्याने घास घातला.

“खा,” तो म्हणाला. “सगळा खा.”

मी तो गिळला.

दात लावलेच नव्हते मी. आडोशाला गेलो तेव्हा दोन्ही हातांत दोन गाठोडी होती आणि एक जड होतं. आत पाणी हलत होतं. कुणाचं कुठलं ते मला अंधारातही सांगता आलं असतं. हलक्या गाठोड्याला बाहेर काढलेलं एक टोक होतं, माझ्या गाठीला ते कधीच नसे. मी ते टोक दोन बोटांत धरलं. बाहेर पन्हळीखाली जयराम पखवाजाचे बोल म्हणत हात चोळत होता. माझी चेन बसवताना काळे झालेले हात. मी टोक ओढलं. सुतळी गळून पडली. आवाजसुद्धा झाला नाही.

सप्टेंबरात मला कायमचं पत्र मिळालं. जयरामला दोनशे एकोणचाळीसवर ब्रेक दिला, म्हणजे कामावरून कमी केलं. मुलीच्या वडिलांनी दिवाळीपर्यंत वाट बघितली, मग तिला पोलादपूरला दिलं. जयराम भिवंडीला चुलत्याकडे गेला. जाताना पखवाज देवळातच ठेवून गेला, तसाच बांधलेला. दोन वर्षं तो खुंटीला होता. ती गाठ सोडायला मला कितीदा सांगितलं लोकांनी, तुझ्या मित्राची गाठ, तूच सोड म्हणून. मी हात लावला नाही. शेवटी नवीन पखवाजी आला, त्याने सोडली. एका ओढीत.

कीर्तन मी सोडलं नाही. देवाने माझ्याकडून तेवढं काढून घेतलं नाही. ते आख्यान लागलं तरी मी मागेच उभा असतो, टाळ हातात धरून. बुवा वळतात, कुणीतरी दुसरा उत्तर देतो, लोक हसतात. त्या चणे खाणाऱ्याला शिक्षा झाली होती. अंगावर धड वस्त्र राहिलं नव्हतं. मी दरवर्षी ते ऐकतो आणि मान खाली घालून घरी येतो. घरी सगळं असतं.

कंपनीने मला लॉकर दिला, एकशे बारा नंबरचा. त्यात कपड्यांचे दोन जोड, पंचा, साबण. पुढे सुर्वे गेला, दुसरा आला. कायम माणसाच्या पाठीवरून कुणी हात फिरवत नसे. बाहेर कितीही कोसळत असो, तीस वर्षं मी त्या खात्यात कोरडा आत गेलो.